बीपी लो आहे, मग गोळी कोणती?

एकाच सकाळी दवाखान्यात आलेल्या दोन रुग्णांपासून सुरुवात करतो. पहिली २८ वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. सासऱ्यांसाठी आणलेल्या यंत्रावर तिने सहज म्हणून स्वतःचा रक्तदाब मोजला, तो ९४/६० भरला आणि तेव्हापासून घरात तिला उठता-बसता लिंबू-मिठाचे सरबत पाजणे सुरू झाले. तिला चक्कर येत नव्हती, थकवा जाणवत नव्हता, कार्यालयाचे चार मजले ती रोज पायी चढत होती. सासूबाईंनी मात्र ‘गोळी लिहून घेतल्याशिवाय येऊ नकोस’ असे बजावून पाठवले होते. दुसरे ७४ वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक, गेली काही वर्षे पार्किन्सनच्या आजाराने त्रासलेले. तपासणीच्या खाटेवर पाच मिनिटे आडवे राहिल्यावर त्यांचा रक्तदाब १६८/९२ होता. उभे केल्यावर पहिल्या मिनिटाला तो ११८/७० वर आला, तिसऱ्या मिनिटाला ९६/५८ झाला आणि गुरुजींनी टेबलाची कड घट्ट धरून ‘आली पुन्हा अंधारी’ असे म्हणत डोळे मिटले.

ती मुलगी गोळी न घेता घरी गेली. गुरुजींना मात्र रक्तदाब वाढवणारी गोळी लिहून दिली. ‘बाबांचा बीपी १६८ आहे आणि तुम्ही तो वाढवायची गोळी देताय?’ हा त्यांच्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. कमी रक्तदाबावरील औषधांची सारी गुंतागुंत त्या प्रश्नात सामावलेली आहे, म्हणून हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आहे.

आधी आकड्याविषयी. ९०/६० पेक्षा कमी रक्तदाबाला ‘कमी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण ती सोयीसाठी आखलेली रेषा आहे. सडपातळ तरुण मुली, नियमित धावणारे लोक, गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांतील स्त्रिया यांचा दाब सहज त्या रेषेच्या आसपास असतो आणि त्यात बिघडलेले काही नसते. वाढलेला रक्तदाब कोणताही त्रास नसतानाही औषधाने उतरवावा लागतो, कारण तो वर्षानुवर्षे गुपचूप नुकसान करत राहतो. कमी रक्तदाबाचे तसे नाही. मेंदूला, मूत्रपिंडांना किंवा हृदयाला रक्त अपुरे पडू लागले, म्हणजे भोवळ, अंधारी, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसू लागली, तरच त्यावर उपचार करायचा असतो. केवळ यंत्रावरचा आकडा सुधारावा म्हणून द्यायची गोळी अस्तित्वात नाही.

रक्तदाब कशावर टिकतो हे समजून घ्यायला शेतातली मोटर पुरेशी आहे. विहिरीत पाणी किती आहे, मोटर किती जोराने ओढते आणि पाइपाचे तोंड किती आवळलेले आहे, या तीन गोष्टींवर पाण्याचा जोर ठरतो. पाइपाच्या तोंडाशी अंगठा दाबून लांबच्या वाफ्यापर्यंत पाणी उडवण्याचा खेळ ज्यांनी लहानपणी केला आहे, त्यांना रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की दाब का वाढतो हे वेगळे सांगायला नको. शरीरात विहिरीच्या जागी रक्तातील द्रव आहे, मोटरच्या जागी हृदय आहे आणि अंगठ्याचे काम करणाऱ्या नसा लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचलेल्या आहेत. रक्तदाब वाढवणारे प्रत्येक औषध या तिन्हींपैकी एखादी गोष्ट सावरते. म्हणूनच कोणते औषध द्यायचे याआधी नेमके काय निकामी झाले आहे हे पाहावे लागते. विहीर आटलेली असताना नुसता अंगठा दाबून भागत नाही.

आपण झोपलेले असताना उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतील धमन्यांत आणि हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांनी खबर दिली की मेंदू नसांमार्फत नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर सोडायला लावतो, वाहिन्या आवळल्या जातात, हृदय थोडे वेगाने धावते आणि आपल्याला काही कळायच्या आत सारे सुरळीत होते. पार्किन्सनच्या आजारात, दीर्घकाळच्या मधुमेहात आणि स्वायत्त मज्जासंस्थेच्या (आपल्या इच्छेविना हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या नसांच्या) इतर काही विकारांत ही खबर पोहोचते, पण पुढचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत जात नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर त्याला उभे राहिल्यावरचा कमी रक्तदाब म्हणतात. गुरुजींना तोच होता. अशा रुग्णांपैकी अनेकांचा दाब आडवे असताना उलट चढलेला असतो, कारण त्याला वर जाण्यापासूनही कोणी अडवत नाही आणि खाली येण्यापासूनही.

गोळीकडे वळण्याआधी एक पायरी असते आणि ती बहुधा सर्वांत जास्त फायद्याची ठरते: घरातली औषधांची पिशवी टेबलावर ओतणे. प्रोस्टेटसाठी रात्री घेतली जाणारी टॅम्सुलोसिन, ‘लघवीची गोळी’ म्हणून ओळखली जाणारी औषधे, छातीदुखीसाठीची नायट्रेट्स, झोप आणि नैराश्यावरची काही औषधे, पार्किन्सनवरची लेव्होडोपा आणि रक्तदाबाच्याच दोन-तीन गोळ्या, यांतील एखादीचा डोस किंवा वेळ बदलली तरी निम्म्या तक्रारी मिटतात असा माझा अनुभव आहे. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची आणि लघवीची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि दुपारी भोवळ आली, ही कथा दरवर्षी ऐकायला मिळते. अर्थात, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पण उपवासाआधी डॉक्टरांना एक फोन करायला काहीच हरकत नाही.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट विचारावी लागते. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर कुठून तरी आणलेल्या, नावाचा पत्ता नसलेल्या पुड्या महिनोन्‌महिने घेतलेल्या असतील, तर त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. ते शरीराला सवयीचे झाले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवतात आणि पुड्या अचानक बंद झाल्या किंवा मध्येच मोठे आजारपण आले की रक्तदाब धाडकन कोसळतो. इथे रक्तदाब वाढवणारी नेहमीची औषधे फारशी उपयोगी पडत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन हाच इलाज असतो, आणि तो वेळेत झाला तर रुग्ण थोड्याच तासांत सावरतो.

आता विहिरीतले पाणी वाढवणारे उपाय. औषध म्हणून कोणी मोजत नाही, पण अर्धा लिटर साधे पाणी पाच मिनिटांत पिणे हा स्वायत्त मज्जासंस्था बिघडलेल्या रुग्णांसाठी खरोखरचा उपचार आहे. त्याने त्यांचा दाब काही मिनिटांत चढू लागतो आणि अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वाधिक परिणाम दिसतो. गुरुजींना मी सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच एक मोठा तांब्या संपवायला सांगितले. मिठाबाबत मात्र सरसकट सल्ला देता येत नाही, कारण हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला तेच मीठ महागात पडते. ‘अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा’ अशी मागणी करणाऱ्यांना मी नेहमी हिशेब सांगतो: अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. रुग्णाला तोंडाने पिता येत असेल आणि उलट्या होत नसतील, तर ते शिरेतून देण्याचे कारण नाही. बिटाचा रस लाल असल्यामुळे रक्तदाब वाढवतो असा एक समज आहे. बिटातील नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब थोडा उतरतो, म्हणजे प्रकार नेमका उलटा आहे.

शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवणारी गोळी म्हणजे फ्लुड्रोकॉर्टिसोन. मूत्रपिंडांनी सोडियम लघवीतून न टाकता परत शोषून घ्यावे, असा संदेश देणाऱ्या संप्रेरकाची ही कृत्रिम नक्कल आहे. अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याच्या अ‍ॅडिसनच्या आजारात ती मूळ उपचार म्हणून दिली जाते आणि उभे राहिल्यावरच्या कमी रक्तदाबात दीर्घ अनुभवाच्या आधारावर वापरली जाते. नेहमीचा डोस ०.१ मिलिग्रॅम इतका इवलासा असतो आणि गुण यायला आठवडाभर लागू शकतो, त्यामुळे दोन दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ती सोडून देऊ नये. सोडियम राहते तसे पोटॅशियम निघून जाते, म्हणून त्याची रक्ततपासणी करत राहावी लागते. पाय सुजू शकतात, डोके दुखू शकते आणि हृदय कमकुवत असेल तर दम लागू शकतो. इथे ज्येष्ठमधाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. खोकल्यासाठी आपण चघळतो त्या ज्येष्ठमधातील एक घटक शरीरातील कॉर्टिसोलची (अधिवृक्क ग्रंथी बनवतात त्या स्टेरॉइडची) विल्हेवाट लावणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो आणि ते कॉर्टिसोल मूत्रपिंडांवर नेमके याच गोळीसारखे काम करू लागते: मीठ राहते, पोटॅशियम जाते, दाब चढतो. घसा बसल्यावर काडी चघळण्याला कोणाची ना नाही, पण ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांनी ज्येष्ठमधाचा काढा महिनाभर रोज पिणे बरे नव्हे.

गुरुजींना दिलेली गोळी याहून वेगळी, अंगठ्याचे काम करणारी होती. तिचे नाव मिडोड्रिन. गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचे एका कार्यक्षम रसायनात रूपांतर करते आणि ते रसायन रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील अल्फा-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायनाचा संदेश पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसते. एरवी तिथे नसांतून सुटलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन बसायचे असते; ते येईनासे झाले म्हणून बदली कामगार पाठवल्यासारखे हे आहे. अमेरिकेत या औषधाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २०१० मध्ये तिथल्या औषध नियामकाने, फायदा पक्का करणारे अभ्यास कंपन्यांनी पूर्ण केले नाहीत या कारणावरून, ते मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर रुग्णांनी आणि डॉक्टरांनी इतका विरोध केला की औषध बाजारात राहिले. उभे राहिल्यावरचा आकडा या गोळीने सुधारतो यात शंका नव्हती. माणसाचे रोजचे जगणे किती सुधारते याचा पुरावा नियामकाला हवा होता, आणि माझ्या मते ती मागणी चुकीची नव्हती.

मिडोड्रिनचे सगळे शहाणपण तिच्या वेळापत्रकात आहे. परिणाम तासाभरात दिसू लागतो आणि तीन-चार तासांत ओसरतो, म्हणून २.५ ते १० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, साधारण चार-चार तासांनी, माणूस उभा राहणार आणि चालणार त्या वेळांत दिली जाते. गुरुजींचे गणित असे बसले: सकाळी ७, ११ आणि दुपारी ३. झोपण्याआधी किमान चार तास गोळी घ्यायची नाही, कारण आडवे झाल्यावर तीच आवळलेली रक्तवाहिनी दाब धोकादायक पातळीवर नेऊ शकते, आणि तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: १६८ हा आडव्या माणसाचा आकडा आहे, गोळी उभ्या माणसासाठी आहे, आणि ती आडव्या माणसाच्या वाट्याला जाऊ नये याची काळजी घड्याळ पाहून घ्यायची असते. त्यासाठी दुपारची झोपसुद्धा बदलावी लागली. खाटेऐवजी गुरुजी आरामखुर्चीत डुलकी काढू लागले आणि रात्रीसाठी त्यांच्या पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा सरकवल्या, म्हणजे डोके वितभर उंच राहते, रात्रीचा दाब थोडा उतरतो आणि मूत्रपिंडे रात्रभरात कमी मीठ-पाणी बाहेर टाकतात.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला, ‘डोक्यात उवा झाल्यासारखे वाटते.’ हा या औषधाचा सर्वांत परिचित दुष्परिणाम आहे. डोक्याच्या कातडीला खाज येते, मुंग्या येतात, अंगावर शहारा येऊन काटा उभा राहतो, कारण केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूंवरही तेच रिसेप्टर असतात. त्यात धोका नसतो; उलट गोळी पोटात जाऊन कामाला लागल्याची ती खूण मानता येते. लघवी अडखळणे मात्र गांभीर्याने घ्यावे लागते, कारण मूत्राशयाचे तोंडही याच रिसेप्टरने आवळले जाते. ज्यांची लघवी आधीच तुंबते, ज्यांना गंभीर हृदयविकार आहे किंवा ज्यांची थायरॉइड ग्रंथी अनियंत्रितपणे जास्त काम करते, त्यांना ही गोळी देत नाहीत. मूत्रपिंडे अधू असतील तर २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. डायलिसिसच्या खुर्चीत दाब वारंवार कोसळणाऱ्या रुग्णांना आणि यकृताच्या सिरॉसिसमधील काही रुग्णांनाही ती दिली जाते.

हाच रिसेप्टर महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात दुसऱ्या बाजूने येऊन गेला आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने शरीरात अ‍ॅड्रेनालिन-नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या पराकोटीच्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. रायगड जिल्ह्यातील महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. प्राझोसिन अल्फा-१ रिसेप्टर बंद करते, म्हणजे मिडोड्रिन जे दार उघडते तेच ते लावून घेते. त्या साध्या, स्वस्त गोळीने असंख्य जीव वाचले. तीच प्राझोसिन रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटसाठी घेणाऱ्या आजोबांना पहिल्या डोसनंतर उभे राहताना भोवळ येते. प्रोस्टेटची गोळी आणि मिडोड्रिन एकाच चिठ्ठीवर दिसली, तर एक गाडी दोघे दोन दिशांना ओढत आहेत असे समजावे.

तिसरी गोळी ड्रॉक्सिडोपा. ही शरीरात गेल्यावर थेट नॉरअ‍ॅड्रेनालिनमध्ये बदलते, म्हणजे बदली कामगाराऐवजी मूळ कामगारच नव्याने घडवला जातो. जपानमध्ये ती १९८९ पासून वापरात आहे, अमेरिकेत मान्यता मिळायला २०१४ उजाडले. तिचाही शेवटचा डोस झोपेच्या किमान तीन तास आधी घ्यायचा असतो. स्नायूंच्या मायस्थेनिया या आजारावरची पायरिडोस्टिग्मिन काही वेळा या कामी येते: उभे राहताना नसांकडून जो क्षीण संदेश निघतो तोच ती थोडा ठळक करते. आडवे असताना तसा संदेश फारसा नसतोच, त्यामुळे ती झोपेतला दाब सहसा चढवत नाही. मात्र तिचा जोर बेताचा असतो आणि पोटात मुरडा येऊ शकतो.

काही वृद्धांना उभे राहिल्यावर नव्हे तर जेवल्यावर भोवळ येते. गणपतीत चार उकडीचे मोदक आणि वरणभात जेवून आजोबा हात धुवायला उठले आणि कोसळले, तर लोक दृष्ट काढतात. खरे कारण असे की पचनासाठी बरेच रक्त आतड्यांकडे वळलेले असते आणि भरपाई करणाऱ्या नसा थकलेल्या असतात. थोडेथोडे खाणे, भात आणि गोड कमी घेणे, जेवणाआधी पाणी आणि सोबत कडक कॉफी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पिष्टमय पदार्थांचे पचन मंदावणारी मधुमेहावरची अकार्बोज ही गोळीही अशा वेळी उपयोगी पडते.

शाळेच्या प्रार्थनेत किंवा रक्त पाहून घेरी येणाऱ्या तरुणांची गोष्ट निराळी. तिथे नसा शाबूत असतात, त्या क्षणभर चुकीचा हुकूम देतात, आणि बहुतेकांना औषध लागत नाही. घाम सुटून मळमळू लागले की लगेच आडवे व्हावे, पाय उंच करावेत. वारंवार शुद्ध हरपणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३३ जणांपैकी निम्म्यांना मिडोड्रिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी दिली होती: वर्षभरात पुन्हा बेशुद्ध पडणाऱ्यांचे प्रमाण मिडोड्रिन घेणाऱ्यांत ४२ टक्के आणि इतरांत ६१ टक्के भरले. फायदा झाला हे खरे, पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्या दहापैकी चौघांनाही पुन्हा काही झाले नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

इथवर चालत्याबोलत्या माणसांची औषधे झाली. अतिदक्षता विभागात, जिथे ‘पेशंट सपोर्टवर आहे’ हे वाक्य नातेवाइकांच्या कानी पडते, तिथली औषधे शिरेतून, पंपाने, थेंबाथेंबाने दिली जातात. त्यांचा परिणाम एक-दोन मिनिटांत सुरू होतो आणि पंप थांबवला की तितक्याच लवकर संपतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरून दाब कोसळला असेल तर द्रव भरून काढतानाच पहिली निवड नॉरअ‍ॅड्रेनालिनची असते आणि सरासरी दाब ६५ च्या वर ठेवण्याचे लक्ष्य धरतात. खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांमधील फरकाचा एक तृतीयांश भाग मिळवला की हा सरासरी दाब अंदाजे कळतो. ९०/६० ची सरासरी ७० येते. नॉरअ‍ॅड्रेनालिन पुरेनासे झाले की व्हॅसोप्रेसिन जोडतात. एके काळी या जागी डोपामाइन असे, आणि ते मूत्रपिंडांना वाचवते म्हणून अल्प मात्रेत सर्रास दिले जाई. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीने तो समज खोटा ठरवला. पुढे २०१० मध्ये १६७९ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत डोपामाइन घेणाऱ्या २४ टक्के रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली, नॉरअ‍ॅड्रेनालिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. हृदयाचा स्नायूच थकला असेल तर डोब्युटामाइन, म्हणजे मोटरला जोर देणारे औषध, विचारात घेतात.

ही औषधे सामान्य वॉर्डात, हाताच्या बारीक शिरेतून, नजर ठेवायला कोणी नसताना का देत नाहीत असे नातेवाईक विचारतात. सुई शिरेबाहेर सरकली आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन मांसात उतरले, तर तिथल्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की कातडी पांढरीफटक पडते आणि काळी पडून मरूही शकते. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची परवानगी मागितली जाते. डेंग्यूमध्ये दाब पडतो तो रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे, आणि तिथे मुख्य उपचार मोजून-मापून दिलेल्या द्रवाचाच असतो. दोन्ही आकड्यांतील अंतर २० किंवा त्याहून कमी झाले तर वरचा आकडा १०० दिसत असला तरी परिस्थिती गंभीर असते.

शस्त्रक्रियागृहात हीच गोष्ट रोज, फार गाजावाजा न होता घडते. सिझेरियनसाठी पाठीत भुलीचे इंजेक्शन दिले की पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि मातेचा दाब मिनिटभरात उतरू शकतो. तेव्हा भूलतज्ज्ञ फिनाइलेफ्रिन, इफेड्रिन किंवा आपल्याकडे अजून बरेच वापरले जाणारे मेफेन्टरमिन यांतले एक शिरेतून देतात. मेफेन्टरमिन मुख्यतः नसांच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर काढून काम करते, त्यामुळे साठा संपला की पुढचे डोस फिके पडतात. हेच इंजेक्शन व्यायामशाळांमध्ये ‘दम वाढवायला’ टोचून घेण्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि पुण्यासह महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. शस्त्रक्रियागृहात मॉनिटर लावून, समोर भूलतज्ज्ञ बसवून दिले जाणारे औषध विशीतला मुलगा आरशासमोर स्वतःला टोचतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला खरोखर भीती वाटते. त्याचा दाब आधीच ठीक असतो. औषधाने तो भलतीकडे चढतो, हृदयाची लय बिघडते, सवय लागते आणि मन भ्रमिष्ट होऊ शकते.

दंश, शेंगदाणा किंवा एखाद्या इंजेक्शनच्या तीव्र अ‍ॅलर्जीने अंगावर गांधी उठून, श्वास घुसमटून दाब कोसळतो, तेव्हा सलाईन आणि स्टेरॉइडची वाट पाहण्यात वेळ जाऊ नये. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन हे तिथले पहिले औषध, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले हे रसायन आजही त्या घटकेला बिनतोड आहे. उलट, जुन्या पिढीच्या आठवणीतले ‘कोरामिनचे थेंब’ आता वापरातून गेले आहेत. आजी निपचित पडली की डॉक्टर बॅगेतून कोरामिन काढत, ते मुळात श्वासाला उत्तेजन देणारे औषध होते. रक्तदाबावर त्याचा भरवसा नव्हता आणि मात्रा जरा जास्त झाली की झटके येत.

गुरुजी महिन्याभराने परत आले ते एक चौकटीची वही घेऊन. मी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या सुनेने रोज तीन नोंदी केल्या होत्या: सकाळी उठण्यापूर्वी आडवे असताना, गोळीनंतर तासाभराने उभे राहून तिसऱ्या मिनिटाला, आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर. उभ्याचा आकडा ११० च्या आसपास स्थिरावला होता, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने फारसे काही नाही; पण ते देवळापर्यंत जाऊन परत येऊ लागले होते आणि महिन्यात एकदाही पडले नव्हते. रात्रीच्या रकान्यात मात्र दोन ठिकाणी १८८ आणि १९२ असे आकडे लाल शाईने लिहिलेले होते. विचारले तेव्हा कळले की त्या दोन्ही दिवशी पाहुणे आल्यामुळे तीनची गोळी सात वाजता घेतली गेली होती. तेव्हा वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: ‘चुकलेली तिसरी गोळी त्या दिवशी घ्यायची नाही.’